ब्रेकचं पेडल दगडासारखं घट्ट होतंय? बूस्टरचा डबा बदलायच्या आधी हे बघून घ्या

याच एका तक्रारीच्या गाड्या माझ्याकडं वर्षभर येतात, पावसाळा संपला की जरा जास्तच. माझं गॅरेज बेळगावात उद्यमबागच्या बाजूला आहे आणि इथून कुठंही उतरायचं म्हटलं तर घाट आलाच, गोव्याला चोर्ला, सावंतवाडीला आंबोली, निपाणीकडं जाताना आधी वंटमुरी मग तवंदी. त्यामुळं सपाटीवर सहा महिने चालून गेलेला दोष घाटात एका वळणावर समजतो, आणि मग माणूस घाबरून येतो आणि म्हणतो बूस्टर, म्हणजे पेडलला जोर देणारा डबा, बदला. दरवेळी तेच सांगून कंटाळलो म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय.

आधी लक्षणं. यातलं कुठलं तुमच्या गाडीला आहे ते नीट आठवून बघा, गॅरेजला गेल्यावर पण हेच सांगा, नुसतं "ब्रेकचा प्रॉब्लेम आहे" म्हणू नका.

– इंजिन चालू असूनही पेडल घट्ट, खाली जायला तयार नाही, गाडी थांबते पण पायाचा जीव जातो.
– सकाळी पहिल्यांदा घट्ट, थोड्या वेळानं बरं. किंवा उलट, एकदा दाबलं की ठीक, लगेच दुसऱ्यांदा दाबलं की घट्ट.
– ब्रेकवर पाय धरून ठेवला की पायाजवळ डॅशबोर्डच्या खाली फुस्स असा आवाज, आणि तो थांबत नाही.
– पेट्रोल गाडी असेल तर ब्रेक दाबला की इंजिन थरथरतं, आयडलिंग खालीवर होतं, कधी बंदच पडतं.
– ब्रेक ऑइल हळूहळू कमी होतंय, चाकाजवळ कुठंच ओल नाही, आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर. (हे असेल तर बाकीचं वाचत बसू नका, खाली त्याबद्दल वेगळं लिहिलंय ते बघा.)
– डिझेल गाडीत बॅटरीचा लाल दिवा आणि घट्ट पेडल, दोन्ही एकाच दिवशी.

आमच्याकडं अर्धी गिऱ्हाइकं कन्नड बोलणारी. त्यातला एकजण येऊन म्हणतो "पेडल गट्टी आग्याद री", दुसरा म्हणतो "मेत्तग आग्याद". गट्टी म्हणजे घट्ट, मेत्तग म्हणजे मऊ. माझं निम्मं काम त्या एका शब्दावर होतं. मऊ पेडल, स्पंजासारखं, किंवा पाय धरला की हळूहळू खाली बुडणारं, ते ब्रेक ऑइलच्या बाजूचं दुखणं आहे, लाइनमध्ये हवा, गळती किंवा मास्टर सिलिंडरची (पेडलच्या जोरानं ऑइल चाकांकडं ढकलणारा भाग) रबरं गेलेली. तशी गाडी घरी तपासत बसायची नाही आणि चालवायची तर नाहीच. ही पोस्ट फक्त गट्टीवाल्यांसाठी.

आता हे चालतं कसं ते थोडक्यात सांगतो, कारण ते कळलं की पुढची प्रत्येक तपासणी का करायची ते आपोआप कळतं. बॉनेट उघडा, ड्रायव्हरच्या समोरच्या पत्र्याला एक काळा गोल डबा चिकटलेला दिसेल, त्याच्यापुढं मास्टर सिलिंडर आणि वर ऑइलची बाटली. तो डबा म्हणजे बूस्टर, काहीजण सर्वो म्हणतात. आत एक मोठा रबरी पडदा आहे, त्यानं डब्याचे दोन कप्पे केलेत. पाय ब्रेकवर नसतो तेव्हा दोन्ही कप्प्यांतली हवा इंजिननं ओढून घेतलेली असते, त्यामुळं पडदा मधे गप्प बसतो. पेडल दाबलं की मागच्या कप्प्याचा व्हॉल्व्ह उघडतो आणि बाहेरची हवा आत घुसते, पुढं मात्र अजून व्हॅक्यूम, म्हणजे हवा ओढून घेतलेली पोकळी, मग ती हवा पडद्याला पुढं रेटते आणि पडदा मास्टर सिलिंडरला. जोर लावते ती आपल्या आजूबाजूची हवा. ९ इंची डबा असला तर पडद्याचं क्षेत्रफळ ४०० चौरस सेंटीमीटरच्या वर जातं आणि २० इंच व्हॅक्यूम (व्हॅक्यूम पाऱ्याच्या इंचात मोजतात) असला तर हिशोबानं पावणेतीनशे किलोच्या आसपास जोर बसतो. एवढा जोर गायब झाला की उरतो तुमचा पाय. पेडल दगड होतं ते म्हणून. १९२७ च्या सुमारास बेल्जियमच्या आल्बेर दवांद्र नावाच्या इंजिनिअरनं हा सर्वो काढला, शंभर वर्षं होत आली, आणि आतलं तत्त्व अजून तेच आहे.

पेट्रोल गाडीत ही हवा इंजिनच्या इनटेक मॅनिफोल्डमधून, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या भागातून, ओढली जाते. डिझेलमध्ये तशी ओढ तयार होत नाही म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो, आपल्याकडच्या बऱ्याच जीप-टाइप गाड्यांत तो अल्टरनेटरच्या (बॅटरी चार्ज करतो तो) पाठीला बसवलेला असतो, काहींत कॅमशाफ्टच्या टोकाला. म्हणजे साखळी अशी: पंप किंवा मॅनिफोल्ड, मग रबरी पाइप, मग एकाच दिशेनं हवा सोडणारा छोटा व्हॉल्व्ह, मग डबा. डबा सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात महाग. तरी लोक तिथूनच सुरू करतात, काय म्हणायचं.

फुकटातलं पहिलं. पेडलच्या खाली बघा. हसू नका. रबरी मॅट सरकून पेडलच्या मागं अडकलेली, पाण्याची बाटली घरंगळत गेलेली, एकदा तर खंडेनवमीच्या पूजेतलं लिंबू. पेडल अर्धं मऊ जाऊन मग एकदम ठप्प थांबत असेल तर आधी हेच.

मग पायानं करायच्या तीन चाचण्या. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रल. पाच मिनिटांचं काम आहे आणि एक रुपया लागत नाही, पण यातून जे कळतं ते कुठल्या मशीनला लावून कळत नाही.

एक, इंजिन बंद ठेवून ब्रेक पाच-सहा वेळा दाबा, डब्यातला साठा संपेल आणि पेडल घट्ट होईल. आता पाय तसाच दाबून धरा आणि स्टार्टर मारा. इंजिन सुरू होताच पेडल पायाखाली थोडं खाली गेलं पाहिजे. गेलं तर डब्याला व्हॅक्यूम पोचतोय. ढिम्म हललं नाही तर एकतर व्हॅक्यूम येतच नाही नाहीतर डबा मेलाय, आणि आधी व्हॅक्यूम येत नाही हेच धरून चालायचं.

दोन, इंजिन एक-दोन मिनिटं चालवा, बंद करा, आणि मग ब्रेक सावकाश तीनदा दाबा, मधे थोडं थांबून. पहिल्यांदा नेहमीसारखं खाली जाणार, दुसऱ्यांदा कमी, तिसऱ्यांदा अजून कमी. असं झालं तर साठा टिकतोय. पहिल्याच दाबाला घट्ट लागलं म्हणजे इंजिन बंद होताच व्हॅक्यूम पळून गेला, तिथं संशय व्हॉल्व्हवर आणि पाइपवर. सकाळी घट्ट आणि नंतर बरं अशी तक्रार घेऊन येणारे बहुतेक या चाचणीत सापडतात, कारण रात्रभरात साठा गेलेला असतो.

तीन, इंजिन चालू ठेवून ब्रेक दाबा, पाय न हलवता इंजिन बंद करा आणि अर्धा मिनिट तसंच धरा. पेडल जागेवर राहिलं पाहिजे. पाय वर ढकलला जातोय असं वाटलं तर दाबलेल्या अवस्थेत डबा हवा धरत नाही.

चाचण्या झाल्यावर पाइप. मॅनिफोल्ड किंवा पंपापासून डब्यापर्यंत जाणारा बोटाएवढा जाड रबरी पाइप शोधा आणि सगळ्या लांबीवर हात फिरवा, नुसतं बघून सोडू नका. क्लॅम्पच्या खाली चिरतो, तिथं डोळ्याला दिसत नाही, वाकवलं की दिसतो. गाडी शेतात किंवा गोठ्याजवळ लावत असाल तर उंदीर-घुशीचे दात बघा, उसाची तोडणी सुरू झाली की रानातले उंदीर गावाकडं सरकतात आणि गरम बॉनेटखाली त्यांची सोय चांगली होते. पाइप कडक लाकडासारखा झालाय तर बदला, आणि उलट बोटात चिखलासारखा मऊ लागतोय तरी बदला, तो ऑइल पिऊन फुगलाय आणि आतून चपटा होतोय.

आणि इथं एक गोष्ट कळकळीनं सांगतो, त्या जागी साधा पाण्याचा किंवा डिझेलचा पाइप कापून घालू नका. ते पाइप आतून बाहेर दाब सोसायला केलेले असतात, व्हॅक्यूममध्ये बाहेरची हवा त्यांना चिपाडासारखं पिळून टाकते. गाडी थंड असताना बरोबर, इंजिन तापलं, रबर मऊ झालं की पाइप आत चिकटतो आणि ब्रेक गायब. असली गाडी गॅरेजमध्ये कधीच दोष दाखवत नाही, घाटात दाखवते. व्हॅक्यूम ब्रेक होज म्हणूनच मागा, फरक थोड्या रुपयांचा आहे.

जुन्या पेट्रोल व्हॅनला गॅस किट बसवलंय? मग त्याच पाइपला मधे कापून टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, लावलाय का बघा. किटला व्हॅक्यूमची लाइन लागते आणि घाईत काहीजण ती ब्रेकच्या पाइपमधूनच काढतात. त्या टीच्या एका सैल क्लॅम्पनं ब्रेकचा सगळा व्हॅक्यूम जातो. ती लाइन तिथून काढून मॅनिफोल्डवरच्या दुसऱ्या नळीला द्यायला लावा.

आता तो व्हॉल्व्ह, आम्ही एनआरव्ही म्हणतो, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. डब्याच्या तोंडावर रबरी बुशात खोचलेला पांढरा-काळा प्लास्टिकचा तुकडा असतो, काही गाड्यांत तो पाइपच्या पोटात असतो आणि मग पाइपसकटच बदलावा लागतो. याचं काम एवढंच की हवा डब्यातून इंजिनकडं जाऊ द्यायची, परत येऊ द्यायची नाही. तुम्ही रेस दिली की पेट्रोल इंजिनचा व्हॅक्यूम पडतो, तेव्हा डब्यातला साठा हाच राखून ठेवतो, इंजिन बंद पडलं तरी दोन-तीन ब्रेक मिळतात ते याच्यामुळंच. इंजिन बंद करून पेडल पाच-सहा वेळा दाबून साठा संपवा, मग व्हॉल्व्ह हलवत हलवत काढा, ओढाताण केली तर बुश फाटतो. पुसून डब्याकडच्या बाजूनं फुंका, हवा गेली पाहिजे. इंजिनकडच्या बाजूनं फुंका, अजिबात जाता कामा नये. दोन्हीकडून गेली तर तो गेला. डिझेल गाडीत ऑइल असतं, तोंड लावायच्या आधी दुसऱ्या नळीचा तुकडा जोडून फुंका. पेट्रोल-रॉकेलनं धुवायचं नाही, आतली रबरी चकती फुगते. आणि बसवताना त्यावरचा बाण इंजिनकडं. एका गाडीला दुसऱ्या कुठल्या तरी गॅरेजात नवीन डबा घालून आणला होता तरी पेडल घट्टच, बघतो तर व्हॉल्व्ह उलटा! डब्याला एक थेंब व्हॅक्यूम पोचत नव्हता, आणि जुना डबा बिचारा भंगारात गेलेला.

डिझेलवाल्यांनी यानंतर बेल्ट बघा. पंप अल्टरनेटरच्या पाठीवर असेल तर एकच बेल्ट दोघांना फिरवतो, तो घसरला की चार्जिंग जातं आणि ब्रेक पण जातो. लाल दिवा आणि घट्ट पेडल एकत्र आलं की मी दुसरं काही बघतच नाही आधी. पावसात बेल्ट भिजून किंचाळतो तेव्हा पण हेच.

इथपर्यंत घरी करण्यासारखं. पुढचं गेजचं काम, पण ते कसं वाचायचं ते माहीत असू द्या, कारण इथंच लोकांचे पैसे जातात. व्हॅक्यूम गेज डब्याजवळ टी लावून जोडायचा. पुस्तकात लिहिलेलं असतं की पेट्रोल गाडीत आयडलला १८ ते २० इंच पाहिजे, डिझेल पंपाला २६-२७ पर्यंत. हे आकडे समुद्रसपाटीचे. बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर आहे आणि दर ३०० मीटरला सुमारे एक इंच कमी होतो, समुद्राकाठी हवेचा दाब ३० इंचाच्या जवळ तर आपल्याकडं साडेसत्तावीसच्या आसपास. म्हणजे इथं डिझेल पंपानं २४ दाखवला तर तो पंप धडधाकट आहे, पेट्रोल १६ दाखवत असेल तरी घाबरायचं काम नाही. चोर्ला उतरून खाली गेलात की तोच पंप दोन इंच जास्त दाखवणार.

खानापूरकडची एक डिझेल जीप अशीच आली होती. आधीच्या ठिकाणी २४ बघून पंप बाद ठरवला, नवीन घातला, नवीन पण २४ च. पेडल पहिल्यासारखंच. मी पंपाजवळ मोजलं २४, डब्याजवळ मोजलं तर काटा सावकाश चढत १२ वर येऊन बसला. मधला पाइप बाहेरून अगदी नव्यासारखा होता, कापून बघितला तर आतलं अस्तर सुटून जिभेसारखं लोंबत होतं, हवा ओढली की तीच जीभ वाट बंद करायची. म्हणून दोन्ही टोकांना मोजायचं. दोन्हीकडं आकडा सारखा आणि कमी असेल तर पंप किंवा इंजिन, इकडं चांगला तिकडं कमी तर मधे अडथळा, आणि दोन्हीकडं चांगला असून पेडल घट्ट तर डबा, नाहीतर चाकाकडचा भाग.

पंप खरंच गेला असेल तर आतल्या पात्या झिजलेल्या असतात किंवा त्याला ऑइल देणारी बारीक नळी चोंदलेली असते. नळी न साफ करता नवीन पंप घातला तर तोही जाणार. आणि पंपातून ऑइल व्हॅक्यूमच्या पाइपमध्ये येत असेल तर लगेच लक्ष द्या, इंजिन ऑइल डब्यातल्या पडद्याला फुगवून टाकतं, मग पंपाबरोबर डब्याचा पण खर्च.

डबा गेलाय हे कसं ओळखायचं? सतत फुस्स आवाज, तिसऱ्या चाचणीत पेडल वर येणं, आणि पेट्रोल गाडीत अजून एक, गाडी उभी असताना व्हॅक्यूमचा पाइप फडकं गुंडाळून पक्कडीनं दाबून बंद करा, बिघडलेलं आयडलिंग लगेच सुधारलं तर गळती डब्याच्या बाजूला. असं पाइप दाबून गाडी चालवायची नाही हे सांगायला नको. ब्रेक दाबताना क्षणभर हलका हवेचा आवाज येणं मात्र नॉर्मल आहे, हवा आत जातेय तोच तो, त्यासाठी पैसे घालवू नका.

इथं हात थांबवायचा. डबा काढायचा म्हणजे मास्टर सिलिंडर सोडवायचा, आणि परत बसवताना मधल्या रॉडचं अंतर बरोबर लागतं. रॉड किंचित लांब राहिला तर ब्रेक पूर्ण सुटत नाही, चाकं तापत राहतात आणि उतारावर पॅड जळतात. आखूड राहिला तर पेडलला मोकळी चाल. हे मिलिमीटरमधलं काम आहे, मेकॅनिककडूनच करून घ्या. आणि डबा उघडून आतला पडदा बदलून देतो म्हणणारे भेटतात, स्वस्तात होतं, मी कधी करत नाही. आतली स्प्रिंग जोरदार असते आणि पत्र्याचं तोंड परत हवाबंद होईलच याची खात्री मला तरी देता येत नाही, ज्याला देता येते त्यानं आपल्या जबाबदारीवर द्यावी.

आता ते पांढऱ्या धुराचं. डब्याचा व्हॉल्व्ह काढून भोकातून कापूस गुंडाळलेली काडी आत घाला, ब्रेक ऑइलनं ओली आली तर मास्टर सिलिंडरचा मागचा सील गेलाय, ऑइल डब्यात उतरतंय आणि इंजिन ते ओढून जाळतंय. गाडी तिथंच सोडा, ओढून न्या. ऑइल वर भरून "गॅरेजपर्यंत जाऊया" हे नको. मास्टर सिलिंडर बदलावाच लागतो, डब्याचं आतली अवस्था बघून ठरतं. तसंच पेडल बुडतंय, एबीएसचा दिवा पेटलाय, किंवा चाचण्या सगळ्या पास होऊन पेडल घट्टच आहे, या तिन्हीत फोन करा आणि वाट बघा. शेवटच्या प्रकारात बहुतेक वेळा कॅलिपरचे (चाकाजवळ पॅड दाबणारा भाग) पिस्टन गंजून अडकलेले असतात किंवा चाकाजवळचा रबरी ब्रेक पाइप आतून फुगून बंद झालेला, पावसाळाभर उभी असलेल्या गाडीला हे हमखास.

घाटात हे झालं तर काय करायचं तेही विचारतात. पेडल फटाफट पंप करू नका, प्रत्येक दाबाला राहिलेला साठा कमी होतो. एकदाच, दोन्ही पायांनी लागलं तरी चालेल, जोरात दाबून धरा. ब्रेक लागतो, व्हॅक्यूम गेला म्हणून ऑइलची लाइन तुटत नाही, फक्त जोर तुम्हाला लावावा लागतो. गिअर एक एक खाली, हँडब्रेक हळूहळू. आणि चावी बंद करू नका. डिझेल वाचवायला इंजिन बंद करून न्यूट्रलवर उतार उतरणारे अजून आहेत आपल्याकडं, दोन-तीन ब्रेक झाले की साठा संपला, पुढं चोर्ल्याच्या वाटेवर कणकुंबीपासून खालची सगळी वळणं पायाच्या ताकदीवर. पेडल नेहमीसारखं जातंय पण गाडी थांबत नाही आणि जळल्याचा वास येतोय, तर ते वेगळं, पॅड तापलेत, बाजूला घेऊन अर्धा तास थंड होऊ द्या. चाकावर पाणी ओतू नका.

एअर ब्रेकचे ट्रक, बस आणि बऱ्याचशा इलेक्ट्रिक गाड्या यातलं काही त्यांना लागू नाही, त्यांचा जोर दुसरीकडून येतो.

काम करून आणलंत की जुना पार्ट मागून घ्या, आणि पैसे द्यायच्या आधी गॅरेजच्या दारातच त्या तीन चाचण्या स्वतःच्या पायानं परत करा. तिसऱ्या चाचणीला अर्धा मिनिट पूर्ण धरा, मेकॅनिक घाई करत असला तरी.